लौकिकाचा काटा कोणाच्या हाती?

बारावीचा निकाल लागला, की आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत एकच प्रश्न घुमू लागतो: 'कॉलेज कोणते?' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: 'त्याचे नाव कसे आहे?' पूर्वी हा प्रश्न रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात विचारला जाई आणि एखादे वडीलधारे गुरुजी अथवा धर्मगुरू त्याचे उत्तर देत. आज ते उत्तर क्रमवारीची यादी देते. अमुक कॉलेज बाराव्या क्रमांकाचे, तमुक नव्वदाव्या. बाराव्यात प्रवेश मिळाला तर पेढे वाटायचे, नव्वदाव्यात मिळाला तर तोंड लपवायचे! तिथे शिकवतात कोण, शिकवतात काय, हे विचारण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे.

काही काळापूर्वी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हाती दोन पत्रे घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या कन्येला अमेरिकेतील दोन कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता. एक मोठे, नावाजलेले. दुसरे लहान, पण शिष्यवृत्ती भरघोस देणारे. मुलीचा ओढा लहानाकडे होता, कारण तेथील अध्यापकाने तिच्या निबंधावर स्वहस्ते दोन पाने मजकूर लिहून पाठविला होता. बाप मात्र अस्वस्थ. "सर, हे यादीत ऐंशीच्याही खाली आहे हो. लोक काय म्हणतील?" मोठ्या कॉलेजासाठी वडिलोपार्जित वाडी गहाण टाकावी लागणार होती, आणि त्याची त्यांनी मनाशी तयारीही केली होती. आम्ही त्या वेळी गुळमुळीत काहीतरी बोललो. 'दोन्ही चांगलीच आहेत, तुम्ही ठरवा,' असे म्हणून मोकळे झालो. वाडी गहाण पडली. आमचे ते मौन आम्हांला आजही बोचते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर होय.

ज्याचे नाव जगाच्या पाठीवर थोड्यांना ठाऊक, अशा लहान कॉलेजाचा लौकिक तोलायचा कसा? या प्रश्नाची जाहीर परीक्षा एका कॉलेजाने स्वतःच्या अंगावर ओढवून घेतली. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी रीड नावाचे एक कॉलेज आहे. सिमियन व अमांडा रीड या दांपत्याच्या संपत्तीतून १९०८ साली त्याची स्थापना झाली आणि १९११ साली वर्ग भरू लागले. आजही तेथील विद्यार्थ्यांची संख्या दीड हजाराच्या आतच आहे. आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी हायस्कूलात याहून अधिक मुले असतात!

अशा कॉलेजांना तिकडे 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणतात. ही कॉलेजे डॉक्टर वा वकील घडविण्याचा वायदा करीत नाहीत. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, रसायनशास्त्र ही एकाच छताखाली शिकवावीत, विद्यार्थ्याला विचार करावयास लावावे, आणि अध्यापकाने संशोधनापेक्षा शिकविण्यालाच आपले पहिले कर्तव्य मानावे, ही त्यांची धारणा. १८५२ साली डब्लिन येथे व्याख्याने देताना कार्डिनल न्यूमन यांनी ज्ञान हे स्वतःच एक साध्य आहे, असा विचार मांडला होता. ही कॉलेजे त्याच जातकुळीतली. साहजिकच त्यांचे मोल पगाराच्या आकड्यात वा इमारतीच्या उंचीत सहजी सापडत नाही. लबाडीला वाव मिळतो तो नेमका इथे.

'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या साप्ताहिकाने १९८३ साली अमेरिकन कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली. पद्धत अगदी साधी होती. कॉलेजांच्या अध्यक्षांनाच विचारले, 'तुमच्या मते उत्तम कॉलेजे कोणती?' आणि आलेल्या मतांची मोजदाद केली. पुढे त्यात आकडे आले: प्रवेश परीक्षेचे गुण, प्रत्येक विद्यार्थ्यामागे होणारा खर्च, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, वर्गातील मुलांची संख्या. तथापि इतर कॉलेजांच्या प्रमुखांचे 'मत' काही हटले नाही. आजही एकूण गुणांपैकी पाचवा हिस्सा त्याच मताचा असतो. आता विचार करा. मेन राज्यातील अध्यक्ष महाशयांनी ऑरेगनमधील कॉलेजाचा उंबरठा कधी ओलांडलेला नाही. ते मत देणार कशाच्या आधारे? बहुधा गेल्या वर्षीच्या यादीच्या! म्हणजे यादीवरून मत आणि मतावरून यादी. सापाने स्वतःचेच शेपूट गिळावे आणि वर ढेकर द्यावी, अशातला हा प्रकार.

१९९५ च्या वसंतात 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाने एक वृत्तांत प्रसिद्ध केला. अनेक कॉलेजे क्रमवारीत वर चढण्यासाठी या साप्ताहिकाला एक आकडे देतात आणि कर्जरोखे घेणाऱ्यांना दुसरेच, हे त्यातून उघड झाले. तेव्हा रीडचे अध्यक्ष स्टीव्हन कोब्लिक यांनी निर्णय घेतला, की यापुढे आमचे कॉलेज ही प्रश्नावली भरणार नाही. यात आरडाओरडा नव्हता, मोर्चा नव्हता. जे खोटे होऊ शकते आणि होत आहे, त्यावर आमची सही नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

याची शिक्षा तत्काळ मिळाली. वरून दुसऱ्या चतुर्थांशात असलेले रीड पुढच्याच यादीत थेट तळाच्या चतुर्थांशात जाऊन पडले. वाचकहो, एका वर्षात तेथील ग्रंथालय जळाले नव्हते. अध्यापक पळून गेले नव्हते. तीच माणसे, तीच पुस्तके, तीच झाडे. बदलले होते ते इतकेच, की कॉलेजाने एक कागद भरला नव्हता. जो लौकिक एका कागदाने चढतो आणि उतरतो, त्याला लौकिक म्हणावे काय?

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. २०१९ साली रीडच्याच संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या साप्ताहिकाचे सूत्र घेऊन गणित मांडले. यादीत कॉलेज नव्वदाव्या स्थानी होते; त्याच सूत्राने ते अडतिसाव्याच्या आसपास यायला हवे होते. ज्या कॉलेजाला शिक्षा झाली, त्याच्या मुलांनी शिक्षा देणाऱ्याचाच हिशेब तपासावा, याहून चांगले प्रशस्तिपत्र आम्हांस तरी ठाऊक नाही.

आणि ज्यांनी कागद निमूटपणे भरला, त्यांचे काय झाले? कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट मकेना हेही लहान आणि नामांकित कॉलेज. आमच्या एका अधिकाऱ्याने २००५ पासून प्रवेश परीक्षेचे गुण फुगवून कळविले, अशी कबुली त्याला २०१२ च्या जानेवारीत द्यावी लागली. क्लेमसन विद्यापीठाच्या एका महिला अधिकाऱ्याने २००९ साली भर परिषदेत सांगितले, की यादीत वीसहून कमी मुलांच्या वर्गाला गुण असल्यामुळे आम्ही काही वर्ग एकोणिसावर आणून ठेवले. जे वर्ग आधीच मोठे होते ते आणखी वाढू दिले. न्यू यॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ यादीत दुसऱ्या स्थानी विराजमान होते. २०२२ साली तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाचे आकडे जुळत नाहीत, हे दाखवून दिले. त्याच वर्षी कोलंबिया अठराव्या स्थानावर घसरले. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील व्यवसायशिक्षण विभागाच्या माजी प्रमुखांना तर खोटे आकडे पुरविल्याबद्दल २०२२ च्या मार्चमध्ये चौदा महिन्यांचा तुरुंगवास सुनावण्यात आला. लौकिकासाठी बेडी! 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आमच्या आजीबाईंनी यांच्यासाठीच रचली असावी.

आता रीडमध्ये आहे तरी काय, ते पाहू. पहिल्या वर्षी, शाखा कोणतीही असो, प्रत्येकाला मानव्यविद्येचा एकच सामाईक अभ्यासक्रम घ्यावा लागतो. वर्ग लहान. अध्यापक व्याख्यान झोडत नाही. मेजाभोवती बसून पाठ्य पुस्तकावर वाद घडवून आणतो. निबंधावर गुणांऐवजी शेरे मिळतात. गुण कचेरीत नोंदले जातात, पण काम अगदीच खालावल्याखेरीज ते मुलाच्या हाती आपण होऊन दिले जात नाहीत. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभर खपून स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो आणि अध्यापकांच्या मंडळापुढे त्याचे तोंडी समर्थन करावे लागते. त्यावाचून पदवी नाही. १९६८ पासून तिथे एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे आणि ती परवानाधारक विद्यार्थी चालवितात. पदवीनंतर डॉक्टरेटपर्यंत जाणाऱ्यांच्या प्रमाणात हे कॉलेज कैक वर्षे देशातील पहिल्या मोजक्या कॉलेजांत गणले गेले आहे. यांतले किती यादीच्या रकान्यांत मावते? प्रबंधाला रकाना नाही. शेऱ्यांना रकाना नाही.

आणखी एक उदाहरण द्यावयाचा मोह आवरत नाही. रॉबर्ट पॅलडिनो हे पूर्वाश्रमीचे ट्रॅपिस्ट मठवासी. मठ सोडल्यावर १९६९ ते १९८४ या काळात त्यांनी रीडमध्ये सुलेखन, म्हणजे अक्षरे सुंदर काढण्याची विद्या, शिकविली. पत्नीच्या निधनानंतर पुढे ते पुन्हा धर्मगुरू म्हणून सेवेत रुजू झाले. त्यांच्या वर्गात एक मुलगा येऊन बसे. त्याने १९७२ साली कॉलेजात नाव घातले होते आणि एका सत्रातच काढूनही घेतले होते. फी परवडत नव्हती. तरी त्याला कोणी वर्गाबाहेर काढले नाही. त्या मुलाचे नाव स्टीव्ह जॉब्स. आपल्या संगणकावरील अक्षरांचे सौष्ठव त्या वर्गातून आले, असे त्याने २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील पदवीदान समारंभात सांगितले. एक कोट्यधीश निपजला म्हणून कॉलेज थोर, असे आमचे म्हणणे नाही. तोही एक खोटाच मापदंड झाला. आमचा मुद्दा वेगळाच आहे. क्रमवारीच्या गणितात पदवी पुरी न करणारा विद्यार्थी हा कॉलेजाच्या नावावरील डाग ठरतो. म्हणजे ज्याला दार उघडे ठेवणे हा कॉलेजाचा मोठेपणा, तोच हिशेबात कॉलेजाचा तोटा! असला काटा फेकून द्यायचा, की त्यावर आपली मुले तोलायची?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की तुम्ही रीडचे भाट झालात. तसे नव्हे. लौकिक तोलायचा तर दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. हे कॉलेज कोणत्याही चर्चशी बांधलेले नाही. 'साम्यवाद, नास्तिकता, मुक्त प्रेम' हे तेथील विद्यार्थ्यांनी थट्टेने मिरविलेले ब्रीद आमच्या वाचकांच्या भुवया उंचावील, यात शंका नाही. ती थट्टा सोडून देऊ. पण २००८ आणि २०१० साली हेरॉइनच्या पायी तेथील दोन तरुण विद्यार्थी प्राणास मुकले, ही थट्टा नव्हे. फी तर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. आणि २००९ च्या मंदीत, प्रवेशाची पत्रे धाडण्यापूर्वी, शंभराहून अधिक गरजू विद्यार्थ्यांची नावे वगळून त्यांच्या जागी पूर्ण फी भरू शकणारे विद्यार्थी घेतले गेले. ही बातमी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने छापली, आणि कॉलेजाने ती दडविली नाही.

परंतु लक्षात घ्या, यांपैकी एकही गोष्ट यादीतून कळली नसती. शंभर गरीब मुलांना वगळून शंभर श्रीमंत मुले घेतली, तरी त्या काळच्या यादीला त्याचा सुगावा लागत नसे. ज्या यादीला कॉलेजाचे गुणही दिसत नाहीत आणि अवगुणही दिसत नाहीत, तिला दिसते तरी काय? तिला दिसतो पैसा, आणि पैशाने विकत घेता येणारी कीर्ती.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की रीडला हा ताठा परवडला. गाठीशी मोठा निधी होता, ठरावीक वर्गात नाव होते. यादीत खाली गेल्यावर बंद पडेल असे गरीब कॉलेज काय करील? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो हा, की ज्यांना परवडते त्यांनी तरी आधी नकार द्यावा. २०२२ च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयांनी या क्रमवारीतून अंग काढून घेतले, तेव्हा रीडला सत्तावीस वर्षे उलटून गेली होती. बलवानांना सत्य सुचायला सत्तावीस वर्षे लागली. लहानाला ते पहिल्या दिवशीच सुचले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यादी नसेल तर ज्यांच्या घरी कोणी शिकलेले नाही, ज्यांचा मामा मुंबईत नाही की काका कॅनडात नाही, त्यांनी कॉलेज निवडावे कसे? यादी निदान सर्वांसाठी उघडी तरी आहे. होय, हे आम्ही मान्य करतो. शेतकऱ्याच्या, मच्छीमाराच्या घरातील पहिला पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला माहिती हवीच. पण माहिती वेगळी आणि क्रमांक वेगळा. किती मुले पदवी पुरी करतात, किती कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतात, शिकविणारे कायमचे आहेत की तासिकेवरचे, हे जरूर छापा आणि तपासून घ्या. पण त्या साऱ्याची भेळ करून 'सदतिसावे' असा एकच आकडा समोर ठेवू नका. वैद्याने रक्तदाब, साखर आणि दृष्टी यांची बेरीज करून 'तुमचे आरोग्य बावन्न' असे सांगितले, तर आपण त्याच्याकडे पुन्हा जाऊ काय?

हा रोग अमेरिकेचा, आपले काय, असेही कोणी म्हणू नये. आपल्याकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघू लागली आणि तिच्यातही लोकांच्या मनातील 'प्रतिमे'ला शंभरात दहा गुण आहेत. महाविद्यालयांना श्रेणी देण्यासाठी १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' ही संस्था तर प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाची आहे. तिच्या पाहणी समितीच्या सदस्यांना, एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून, केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ च्या फेब्रुवारीत अटक केली. न्यायालयाचा निकाल काय लागायचा तो लागो. पण अक्षराची किंमत इतकी वाढली, की ते विकण्याचा मोह कोणाला तरी होणारच. ती किंमत वाढविली कोणी? आपणच. प्रवेशाच्या खिडकीशी उभे राहून आपण 'श्रेणी कोणती?' एवढेच विचारतो, म्हणून.

इथे आम्ही स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. आमच्या नियतकालिकांतून आणि धर्मग्रामांच्या सूचनापत्रकांतून आम्ही दरवर्षी गुणवंतांचे अभिनंदन छापतो. त्यात काय असते? मुलाचे नाव, टक्के आणि 'नामांकित' कॉलेजात प्रवेश. त्या मुलाने काय वाचले, कोणत्या शिक्षकाने त्याला घडविले, याचा एका ओळीचाही उल्लेख नसतो. जवळच्या लहान कॉलेजात राहून, घरची वाडी सांभाळून, इतिहासात मनापासून रमलेल्या मुलीचा फोटो आम्ही छापीत नाही. मग बापाने वाडी गहाण टाकली, तर त्याला बोल का लावावा? त्याला 'लोक काय म्हणतील' याची धास्ती होती, आणि ते लोक म्हणजे आम्हीच होतो.

लौकिक म्हणजे साक्ष. आणि साक्ष द्यायची ती जवळून पाहिलेल्याने, बदल्यात काहीही न घेता. म्हणून कॉलेज निवडताना यादी मिटवून ठेवा आणि साक्षीदार शोधा. तेथे शिकून गेलेल्या, यशस्वी झालेल्या आणि न झालेल्याही, दोघा-तिघांना भेटा. त्यांना विचारा: तुमचे लिखाण कोणी वाचले का? तुमची चूक कोणी दाखविली का? अडचणीच्या दिवसांत दार उघडे राहिले का? आणि खुद्द कॉलेजाला एक प्रश्न विचारा: नाव राखण्यासाठी तुम्ही कोणती गोष्ट करण्याचे नाकारले आहे? ज्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याचा क्रमांक नव्वद असो की नऊशे, त्याच्या दारात आपले मूल निर्धास्तपणे सोडावे.

त्या गृहस्थांची कन्या आता मोठ्या कॉलेजात आहे. सुटीत घरी आली तेव्हा तिला आम्ही विचारले, "कसे आहे गं कॉलेज?" ती म्हणाली, "नाव चांगलं आहे, सर." पुढे ती काही बोलली नाही, आणि आम्हांलाही काही विचारवले नाही.